टीबी-303 वर मालकंस कसा बसवायचा

टीबी-303 हे खर्जाचे सूर वाजवणारं रोलंड कंपनीचं छोटं विजेवरचं यंत्र. सगळ्यात आधी ते बंद ठेवा आणि मालकंस गुणगुणा. सा, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नि. रिषभ नाही, पंचम नाही. मध्यमावर थांबायचं आणि षड्जाकडे परतायचं. राग शिकलेला नसेल तर दोन-तीन चांगल्या गायकांचा मालकंस ऐका आणि निदान ‘ग म ग सा’ एवढा तुकडा तरी गळ्यात बसवा. टीबी-303 मध्ये सूर एकदा भरावे लागतात आणि लय वेगळी भरावी लागते. चाल तोंडपाठ नसेल तर दोन्हींची सांगड बसत नाही आणि कानावर नुसता खडखडाट येतो.

मी डोंबिवलीत पेटी आणि की-बोर्ड शिकवते. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, “मॅडम, तो ॲसिडवाला आवाज कसा काढायचा?” त्यांनी चरणजित सिंग यांची रेकॉर्ड ऐकलेली असते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बेस गिटार आणि की-बोर्ड वाजवणारे हे मुंबईचे कलाकार. 1982 मध्ये त्यांनी तबला बाजूला ठेवला, रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. त्या वेळी ती फारशी कुणी ऐकली नाही. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाने ती पुन्हा काढली आणि मग जगभरच्या लोकांनी कान टवकारले. सुराखाली जो रबरासारखा ताणला जाणारा खर्ज ऐकू येतो, तो टीबी-303 चा. ठेका टीआर-808 या ड्रम मशीनचा आणि वरची सुरावट ज्युपिटर-8 या सिंथेसायझरची.

मुंबईला विजेवरचे सूर तेव्हा नवे नव्हते. 1954 च्या ‘नागिन’मधली बीन ही खरी बीन नव्हेच, ती कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या विजेवरच्या की-बोर्डवर वाजवली होती. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये 1969 मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला होता. पण तो स्टुडिओ मोजक्या लोकांचा. 303 हे दुकानात मिळणारं, बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं यंत्र होतं, आणि त्याचा सगळा इतिहास त्याच्या या साधेपणातून घडलेला आहे.

इकुतारो काकेहाशी यांनी 1972 मध्ये ओसाकात रोलंड कंपनी काढली. 303 ची रचना तिथल्या तादाओ किकुमोतो यांची. 1981 च्या अखेरीस ते बाजारात आलं तेव्हा कल्पना अशी होती की एकट्या गिटारवादकाला साथीला बेस मिळावा. ‘टीबी’ म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. पण त्याचा आवाज खऱ्या बेस गिटारच्या जवळपासही जात नव्हता आणि त्यात सूर भरायची पद्धत वादकांना अजिबात रुचली नाही. साधारण दहा हजार नग निघाले आणि 1984 मध्ये उत्पादन बंद झालं. मग ही यंत्रं जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात पडून राहिली. शिकागोतल्या पोरांना ती तिथेच सापडली. त्यांच्यातल्या फ्यूचर नावाच्या गटाने 303 चे नॉब गाणं चालू असताना फिरवत ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं, ते 1987 मध्ये बाहेर आलं आणि ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला.

“मग ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला का?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. माझं मत स्पष्ट आहे: शिकागोच्या मुलांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकल्याचा काही मागमूस नाही, आणि तसा धागा जोडायची गरजही नाही. सुरावरून सुरावर घसरत जाणं हा या यंत्राचा स्वभाव आहे. रागदारी जाणणाऱ्या माणसाने त्याला हात लावला तर मींड सापडणारच. चरणजित सिंग यांचं मोठेपण पहिलेपणात शोधू नका, त्यांनी यंत्राचा हा स्वभाव ओळखला त्यात शोधा.

आता कामाला लागू. मूळ 303 आज संग्राहकांच्या किमतीला जातं, त्याच्या मागे लागू नका. बेहरिंगरचं टीडी-3 हे त्याच्याच पद्धतीने चालणारं स्वस्त यंत्र आहे, रोलंडचं स्वतःचं टीबी-03 आहे आणि कॉम्प्युटरवर चालणारी कितीतरी सॉफ्टवेअर आहेत, काही तर फुकट. शिकायला मात्र ज्यात पिच मोड (सूर भरायला) आणि टाइम मोड (लय भरायला) अशी दोन वेगळी बटणं आहेत असं यंत्र घ्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्टेपचा, म्हणजे लयीच्या एकेका घराचा, चौकोन असतो आणि सूर थेट त्यात टाकतात. ते सोपं आहे, पण सूर आणि लय वेगळे ठेवण्यातली गंमत त्यात हरवते. दुसरी गोष्ट, हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून मंद्र सप्तक ऐकूच येत नाही.

303 वर एकाच सप्तकाच्या तेरा पट्ट्या आहेत, पांढरी एक ते वरची पांढरी एक. पेटीवाल्यांना हे घरचंच आहे. पांढरी एकला सा धरला तर मालकंसाचे सूर येतात: पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. तंबोऱ्याचं ॲप लावा, पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात ठेवा आणि यंत्राचा ट्यूनिंगचा नॉब हळूहळू फिरवत सा त्यात विरघळेपर्यंत मिळवा. पेटीचीच अडचण इथेही आहे: सूर समान अंतरावर बांधलेले असतात, त्यामुळे मालकंसाचे कोमल गंधार आणि धैवत गवयाच्या गळ्यातल्या जागेवर बसत नाहीत. म्हणून या दोन सुरांवर रेंगाळायचं नाही, त्यांना स्लाइडमधून, म्हणजे घसरत, पुढे न्यायचं. खाली दिलेल्या पॅटर्नमध्ये मी तेच केलंय.

पॅटर्न सोळा स्टेपचा. तीनतालासारखा चार-चारच्या विभागांत लिहिते, म्हणजे डोळ्याला सवयीचा वाटेल. ‘ऽ’ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा, ‘–’ म्हणजे विश्रांती. पहिल्या ओळीतला नि आणि शेवटच्या ओळीतले ध, नि मंद्र सप्तकातले आहेत.

सा सा – नि
सा – ग म
ऽ – ग सा
ध नि ऽ –

तीनताल फक्त मोजण्यासाठी बरं का. मिनिटाला 120 ठोके धरले तर एका ठोक्यात चार स्टेप जातात आणि हे अख्खं आवर्तन दोन सेकंदांत संपतं. कानाला चारच ठोके लागतात. तरीही लिहिताना विभाग पाडण्याचा फायदा होतो: मध्यम आठव्या स्टेपवर सुरू होऊन नवव्यावर, म्हणजे तालातल्या ‘खाली’च्या जागेवर लोंबकळतो आणि त्यामुळे पॅटर्नला मध्येच एक श्वास मिळतो. शेवटची स्टेप रिकामी ठेवलीय ती समेसाठी. सम शांततेतून आली की तिचं वजन वाढतं.

आधी टाळी देत हे तोंडाने म्हणा. मग पिच मोडमध्ये जा आणि फक्त सूर भरा, लय विसरून: सा सा नि सा ग म ग सा ध नि. दहा सूर. मंद्र सुरांना ‘डाउन’ची खूण लावा. विश्रांती आणि लांबवणं यांना इथे जागा नाही, त्यामुळे सोळा सूर भरायच्या फंदात पडू नका. त्यानंतर टाइम मोडमध्ये जा आणि फक्त लय भरा: सूर, सूर, विश्रांती, सूर, सूर, विश्रांती, सूर, सूर, लांबवा, विश्रांती, सूर, सूर, सूर, सूर, लांबवा, विश्रांती. यंत्र जिथे ‘सूर’ दिसेल तिथे यादीतला पुढचा सूर उचलतं.

ज्या पद्धतीला 1981 मध्ये वादक वैतागले, ती आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. सरगम आधी पाठ करून मग ती वेगवेगळ्या लयीत बांधायची, हे आपण शिकतोच. म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी एक गोष्ट हमखास करायला लावते. सुरांची यादी तशीच ठेवा आणि लय पुसून नवी भरा. दुसरी विश्रांती दोन स्टेप पुढे ढकलली की तेच दहा सूर वेगळीच चाल होऊन बाहेर येतात, आणि राग मात्र तोच राहतो. असे पाच-सहा प्रकार जमले की त्यांतला सगळ्यात कमी भरलेला निवडा. खर्जाला मोकळी जागा लागते.

पॅटर्न चालू करून पाहा. अजून तो अगदी सपाट, लहान मुलाने पेटीवर बोट आपटल्यासारखा वाजेल. वाजू द्या. नॉबला हात लावायची घाई करू नका, आधी स्लाइड.

स्लाइडची खूण तीन ठिकाणी लावायची: चौथ्या स्टेपच्या मंद्र निवर (तो पाचव्या स्टेपच्या साकडे जाईल), अकराव्या स्टेपच्या गवर (साकडे) आणि तेराव्या स्टेपच्या धवर (निकडे). खूण जिथून निघायचं त्या सुरावर लावायची की जिथे पोचायचं त्यावर, यात नकली यंत्रांमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये फरक असू शकतो. एकदा लावून ऐका, कळतं.

स्लाइडमध्ये आत नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण सगळी करामत तिथे आहे. एरवी प्रत्येक सूर सुरू होताना यंत्र फिल्टरला, म्हणजे वरचे स्वरांश गाळणाऱ्या भागाला, नवा धक्का देतं, म्हणून प्रत्येक सुराला स्वतःचा ‘टव्’ असा तोंडाचा भाग असतो. स्लाइड असली की पहिला सूर सुटतच नाही. आवाज चालूच राहतो, फिल्टरला नवा धक्का बसत नाही आणि उंची मात्र वाहत पुढच्या सुरावर जाते. गवई एका श्वासात दोन सूर घेतो तेव्हा दुसऱ्या सुराला वेगळा आघात देत नाही, तेच हे. घसरायला लागणारा वेळ ठरलेला असतो, सुमारे 60 मिलिसेकंद, मग अंतर नि-साचं असो की ग-साचं. मिनिटाला 120 च्या लयीत एक स्टेप 125 मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ अर्धी स्टेप घसरण्यातच जाते आणि मींड स्पष्ट ऐकू येते. लय 60 वर आणा. स्टेप 250 मिलिसेकंदांची होते, घसरणं चिमूटभर उरतं आणि मींडेचा खटका होऊन बसतो. मालकंसासारखा गंभीर राग 303 वर संथ वाजवावासा वाटतो, पण यंत्राला ते मानवत नाही. 110 ते 125 च्या मध्ये कुठेतरी ठेवा. गांभीर्य कमी सुरांतून आणि विश्रांतीतून आणा.

आता ॲक्सेंट, म्हणजे सुरावरचा जोर. पहिल्या साला आणि आठव्या स्टेपच्या मला लावा. म वादी म्हणजे रागातला मुख्य सूर, सा संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा, म्हणून वजन तिथेच. तुम्ही म्हणाल, ग-म ही जागा मालकंसात इतकी गोड, तिथे स्लाइड का नाही दिली? मुद्दाम नाही दिली. स्लाइडने आलेल्या मध्यमाला फिल्टरचा धक्का मिळत नाही, त्यामुळे त्यावरचा ॲक्सेंट निम्मा मरतो. करून बघा: गवर स्लाइड लावा, ॲक्सेंट मवरून काढून गवर ठेवा. चाल लवचीक होईल, पण वादी सूर मागे हटेल. मला खर्जात मध्यम ठामपणे उभा राहिलेला आवडतो. वरच्या सुरावटीत ग-मची मींड घ्यायला भरपूर वाव आहे.

ॲक्सेंटची आणखी एक खोड आहे. ॲक्सेंट असलेला सूर नुसता मोठा होत नाही, त्याचा फिल्टर जास्त उघडतो आणि पटकन मिटतो. शिवाय पाठोपाठ ॲक्सेंट आले तर आतल्या कपॅसिटरमधला आधीचा भार पुरता उतरलेला नसतो, त्यामुळे पुढचा सूर आणखी वर उसळतो. गला आणि मला लागोपाठ ॲक्सेंट द्या, रेझोनन्सचा नॉब (तो काय करतो ते पुढे येतंच) थोडा चढवा आणि मध्यमाकडे लक्ष द्या. एकट्या ॲक्सेंटला जो मध्यम येत होता त्यापेक्षा हा तीक्ष्ण असतो, जणू चिमटा काढतो. चांगली नकल आणि वाईट नकल ओळखायची माझी परीक्षा हीच. वाईट नकलेत दोन्ही मध्यम सारखेच येतात.

एवढं झालं की नॉब. वेव्हफॉर्म करवतीच्या दातांचा, म्हणजे सॉटूथ ठेवा. चौकोनी लाट पोकळ, क्लॅरिनेटच्या अंगाने जाणारी असते, ती नंतर. कटऑफ घड्याळात नऊ वाजता काटा असतो तिथे. रेझोनन्स दोनच्या आसपास. एनव्हलप मॉड मध्यावर. डीके जवळजवळ पूर्ण कमी. ॲक्सेंट मध्यावर. कटऑफ म्हणजे कुठल्या उंचीच्या वरचे स्वरांश गाळायचे ते. पेटीचं झाकण बंद करून वाजवली तर आवाज दबतो आणि उघडलं तर चरचरीत होतो, तसंच. रेझोनन्स त्या कापलेल्या कडेलाच टोक काढतो. एनव्हलप मॉड प्रत्येक सुराच्या सुरुवातीला हे झाकण किती उघडायचं ते ठरवतो आणि डीके ते किती वेळात मिटायचं ते.

नॉब फिरवताना एका वेळी एकच, आणि इतका सावकाश की शेजारी बसलेल्याला बदल कधी झाला ते सांगता येऊ नये. कटऑफ नऊपासून बारापर्यंत न्यायला सोळा आवर्तनं घ्या. मग तिथेच थांबा आणि डीके वाढवा. सूर लांबायला लागतील, मध्यम खालीवर जास्त पसरेल. मग कटऑफ परत खाली. नवशिके दोन्ही हातांनी चार नॉब फिरवतात आणि दीड मिनिटात सगळं सांगून मोकळे होतात. आलापात आपण एकेक सूर खुला करत जातो. इथे सूर तेच राहतात आणि आवाजाचा रंग एकेक पायरीने खुला होतो. म्हणून बढत कशी करतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे काम लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे.

ठेक्याला फार लिहायला नको. 808 चे आवाज कुठल्याही मोफत ॲपमध्ये मिळतात. बेस ड्रम 1, 5, 9, 13 वर. टाळी 5 आणि 13 वर. उघडी हाय-हॅट 3, 7, 11, 15 वर. झालं. बेस ड्रमचा आवाज जास्त लांब ठेवू नका, नाहीतर मंद्र ध-निच्या अंगावर चढतो. मूळ यंत्रं एकमेकांना पाच पिनांच्या सिंक केबलने जोडायची, यंत्रं जोडायची मिडी ही पद्धत 1983 मध्ये आली. आजच्या यंत्रांत मिडी किंवा यूएसबी आहे, तेवढं जोडलं की दोन्ही एका लयीत धावतात.

वरच्या सुरावटीला 303 वापरू नका. त्याचं घसरणं ठरलेल्या वेळाचं, आणि मालकंसाची लांब मींड त्यात मावत नाही. ज्युपिटर-8 सारख्या सिंथेसायझरवर पोर्टामेंटोचा नॉब असतो, त्याने घसरण्याचा वेळ हवा तेवढा वाढवता येतो. तसा कुठलाही सॉफ्टवेअर सिंथ चालेल. पोर्टामेंटो मध्यम ठेवा, सूर एकमेकांत अडकवून वाजवा, म्हणजे आधीची पट्टी सोडण्याआधी पुढची दाबा. खर्ज चालू झाल्यावर निदान आठ आवर्तनं काही वाजवू नका. मग मंद्र नि-सा एवढंच. मध्यमावर पहिल्यांदा पोचाल तेव्हा तो आठव्या स्टेपच्या मध्यमाबरोबर एकदम पडू द्या.

मालकंस हाताखाली आला की पुढे काय, तर कलावती आणि बैरागी घ्या. पाच-पाच सुरांचे राग या यंत्राला छान मानवतात, कारण प्रत्येक सुराला जागा मिळते. भूपाली वाटतो तेवढा सोपा नाही. ग-प आणि ध-साच्या स्लाइड चुकीच्या जागी लावल्या तर देसकाराचा, म्हणजे याच सुरांच्या दुसऱ्या रागाचा, वास येतो. ललत मी शेवटी देते. त्यात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, पांढरी चार आणि काळी तीन, आणि त्या अर्ध्या सुराच्या स्लाइडमध्ये 303 चा आवाज इतका गळ्यासारखा होतो की मुलं हमखास तिथेच अडकून बसतात. तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमाकडे उतरा, शुद्ध मध्यमाच्या पुढे दोन स्टेप रिकाम्या सोडा आणि पंचमाला, म्हणजे पांढरी पाचला, चुकूनही हात लावू नका.